जांभळाखालच्या कट्ट्याची खरी हकिकत

कर्जतला आमच्या आळीच्या मागे, जांभळाच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला एक दगड आहे. माघात त्याच्यापुढे नारळ फुटतो. मंडळी त्याला जागेवाला म्हणतात. घरातल्या कुणा बाईच्या ओटीपोटात दुखू लागलं तर आधी त्याला नवस बोलायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं, अशी इथली पद्धत पडली आहे. आता त्याचं देऊळ बांधायचं घाटतं आहे. परवा आळीतले चार तरुण माझ्याकडे आले. मी इथला सर्वांत जुना माणूस, तेव्हा देवाची हकिकत मी लिहून द्यावी आणि ती संगमरवरी पाटीवर कोरून लावावी, अशी त्यांची इच्छा. मी म्हटलं, देतो लिहून. पोरं खूश होऊन गेली.

हकिकत अशी, की तो दगड मी ठेवला. शेंदूरही मीच फासला, आणि पहिल्या खेपेला तो इतका पातळ झाला की देवाला कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

हे सगळं एकोणीसशे तीसच्या अलीकडे-पलीकडे घडलं. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. आळीतली घरं एका ओळीत होती. पुढची दारं रस्त्यावर आणि मागची दारं एका मोठ्या सामाईक परसात. परसाच्या टोकाला हे जांभूळ, त्यापलीकडे करवंदीची दाट जाळी, आणि मग उतार थेट ओढ्यापर्यंत. घरात मोरी होती, पण मोरीत भांडी घासली जात आणि सोवळ्यातलं पाणी तिथूनच वाहून जाई. त्यामुळे बायकांनी लघवीला जाळीमागेच गेलं पाहिजे, ही माझ्या आईची शिस्त, आणि तिच्या सासूची, आणि आळीतल्या सगळ्याच सासवांची. पुरुष वाटेल तिथे उभे राहत. त्यांच्यासाठी शिस्त केलेली नव्हती.

माझं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात मी जांभळाखाली कट्टा बांधून घेतला. चांगला घडीव काळा दगड, पाठ टेकायला जागा, पत्त्यांसाठी मधे सपाट चिरा. घाटाकडून येणारा वारा सरळ अंगावर येई आणि मागून इंजिनाचा रेटा घेत घाट चढणारी गाडी बसल्या जागेवरून दिसे. एका उन्हाळ्यात माझ्या आयुष्यात दोन गोष्टी आल्या, बायको आणि कट्टा. त्यातल्या कट्ट्याकडे माझं लक्ष जास्त होतं.

कट्ट्यावर कायमची मंडळी अशी: एक पेन्शनीत निघालेले स्टेशनमास्तर, जे सकाळचा चहा झाला की येऊन बसत, एक वकील, ज्यांच्याकडे पक्षकार फारसे फिरकत नसल्यामुळे तेही लवकरच येत, संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी मी, आणि रविवारी आमचे डॉक्टर. बिझिकचा डाव पडे. जेवणापुरतं उठायचं, पुन्हा यायचं. दिवे लागले, पत्त्यांवरचे ठिपके दिसेनासे झाले, की घरी.

बायको खालापूरच्या पलीकडची. तिचं माहेर शेतावरचं, एकटं घर. बोलायला मोकळी, हसायला मोठ्याने, आणि आमच्या घरात दोन्ही गोष्टी वर्ज्य. दिवाळीच्या सुमाराला तिचं ओटीपोट दुखू लागलं. पहिल्यांदा ती काही बोलली नाही. मग चुलीपुढे बसताना पोटाशी उशी धरू लागली, मग विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकू लागली. मधूनच अंगात कणकण येई. कण्हणं आईला आवडत नसे, म्हणून ती ओठ दाबून बसे, आणि ओठ दाबलेले पाहून आई म्हणे की सून फुगून बसली आहे.

होळीपर्यंत शेजारच्या घरातून तेच ऐकू यायला लागलं. मग वकिलांच्या घरातून. मग स्टेशनमास्तरांच्या दोन्ही सुनांचं. एका आळीतल्या इतक्या बायकांची पोटं एकदम दुखायला लागली म्हणजे काहीतरी कारण पाहिजे. बायकांनी विहिरीवर काय ठरवलं मला माहीत नाही. पण विहिरीवरून उठलेला एक शब्द आमच्यापर्यंत पोचला. पायगुण. आळीत नवीन काय आलं? कारकुनाची बायको. ती आली आणि दुखणं आलं. हिशेब चोख बसला. नवीन आलेल्या दुसऱ्या वस्तूवर आम्ही बसलेलो होतो, त्यामुळे ती कुणाला दिसली नाही.

आम्ही कट्ट्यावर या प्रश्नाची चर्चा केली. तासन् तास केली. स्टेशनमास्तरांचं मत, सगळा दोष चहाचा; बायका चहा प्यायला लागल्यापासून त्यांची आतडी सुकली. वकिलांचं म्हणणं, गिरणीचं पीठ; जातं सुटलं आणि पोटाचे स्नायू सैल पडले. त्यांच्या घरी जातं सुटलेलं नव्हतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी इंजिनाच्या धुराचा मुद्दा काढला. मी स्वतः असं मत मांडलं होतं की बायका हल्ली मासिकं वाचतात, त्यामुळे रक्त डोक्याकडे चढतं आणि खालचा भाग दुखतो. हे मी गंभीरपणे बोललो होतो. दोघांनी मान डोलावली होती. आम्ही हे बोलत असताना मागची दारं किलकिली होत आणि पुन्हा लागत. आम्हाला वाटे, बायका आमचं बोलणं ऐकताहेत.

मृग लागला आणि दुखणी कमी झाली. कर्जतच्या पावसात जांभळाखाली बसण्याची सोय नाही, त्यामुळे चार महिने आमचा डाव वकिलांच्या ओटीवर हलला. त्याच सुमाराला चौकचे एक वैद्य आळीला कडू काढा देत होते. काढ्याची कीर्ती पार पळसदरीपर्यंत गेली. दसरा झाला, पाऊस उघडला, आम्ही कट्टा धुऊन काढला, नवा पत्त्यांचा जोड आणला, आणि काढ्याचा गुण संपला. वैद्य म्हणाले, आश्विनातलं पित्त. आम्ही म्हटलं, असेल.

आणखी एक गोष्ट. बायको माहेरी गेली की आठवडाभरात बरी होई. गाल वर येत, आवाज मोठा होई. परत आली की पुन्हा तेच. यावर आईचं मत ठरलेलं होतं. "माहेरी पोट दुखत नाही, सासरीच दुखतं. याला दुखणं म्हणत नाहीत," ती म्हणे. मला ते पटलं होतं. माणसाला सोयीचं असेल ते फार लवकर पटतं.

शेवटी त्या हिवाळ्यात मी डॉक्टरांना घरी आणलं. कर्जतात त्यांचा दवाखाना होता, मुंबईला शिकलेले, हात हलका. त्या काळच्या रीतीप्रमाणे बायको माजघराच्या दाराआड उभी राहिली, नाडी बघायला मनगट तेवढं बाहेर आलं. बाकीचं सगळं डॉक्टरांनी मला विचारलं. भूक लागते का? मी सांगितलं, बेताची. झोप? येते. महिन्याचं? मी दाराकडे बघितलं, दारामागून आईने काहीतरी पुटपुटलं, मी म्हटलं ठीक आहे. मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, लघवीला जळजळ होते का, वरचेवर लागते का?

मी म्हटलं, "छे छे."

मला काय ठाऊक होतं? काही नाही. चार पावलांवर ती उभी होती, विचारता आलं असतं. पण आमच्या घरातल्या बाईला लघवी होते, ही गोष्टच मला चारचौघांत कबूल करायची नव्हती. डॉक्टरांनी नेमका प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचं खोटं उत्तर मी दिलं, आणि माझ्या उत्तरावर भिस्त ठेवून त्यांनी गर्भाशयाला सूज आहे असं ठरवून लाल रंगाचं औषध दिलं. दुखणं आणखी वर्षभर चाललं ते त्या दोन अक्षरांवर.

गर्भाशय हा शब्द आईने उचलला. लग्नाला दोन वर्षं उलटून गेली, मूल नाही, पायगुणाचा बोभाटा, आणि आता डॉक्टरनेच दोष सांगितला. तिने नेरळकडची एक मुलगी पाहून ठेवली. तुळशीचं लग्न झालं की मी ती बघायला जायचं. त्याआधी बायकोला विश्रांतीसाठी माहेरी पोचवायचं. ही विश्रांती संपणारी नव्हती, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. मी कट्ट्यावर जाऊन बसलो.

निघायच्या दिवशी तिने ट्रंकेत सगळं भरलं, हिवाळ्याची शालही. बैलगाडी बाजारात आली तेव्हा ती म्हणाली, "जाताना दवाखान्यावरून जाऊ."

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवून झालं आहे.

"त्यांनी तुम्हाला पाहिलंय. मला नाही," ती म्हणाली आणि गाडी थांबायच्या आत उतरली.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे मलाच विचारलं, काय म्हणतं पोट? मी म्हटलं, तसंच आहे.

"पोट माझं आहे, मला विचारा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं वहिनी, तुम्ही सांगा. लघवीला जळजळ होते?"

"होते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीपासून."

"मग मी घरी आलो तेव्हा सांगायचं नाही का?"

"तेव्हा तुम्ही विचारलंत कुणाला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. त्यांनी पुढे विचारलं, दिवसातून किती वेळा जाता? ती म्हणाली, पहाटे उजाडायच्या आत एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. दुपारी सगळे जेवायला उठले आणि सासूबाईंचं वाढून झालेलं असलं, तर एकदा धावत.

"मधे का नाही?"

"मंडळी बसलेली असतात. त्यांच्यासमोरून तांब्या घेऊन कसं जायचं?"

"कोण मंडळी?"

"हे असतात," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "वकील असतात. स्टेशनमास्तर तर सकाळपासून असतात." मग पदर सारखा करत: "रविवारी तुम्हीही असता."

डॉक्टरांनी टेबलावरचा रूळ उचलला, सरळ केला आणि परत तिथेच ठेवला. पाणी किती पिता, असं त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. ती म्हणाली, पाणी पीतच नाही, प्यायलं तर जावं लागतं. आळीतल्या बाकीच्या बायका? त्याही पीत नाहीत. सगळ्यांचं हेच आहे. सासूबाईंचंसुद्धा; त्या ओव्याची फक्की मारतात आणि सांगत नाहीत.

मला त्या वेळी काय वाटायला हवं होतं ते आता मला कळतं. तेव्हा मला राग आला. मी तिला विचारलं, हे इतके दिवस मला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "कट्टा पुढच्या दाराला बांधला असतात तर बरं झालं असतं, असं म्हटलं होतं मी. तुम्ही म्हणालात, तिकडे वारा नाही."

मी तसं म्हणालो होतो. मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लघवी दिवस दिवस कोंडून धरली आणि पाणी तोडलं, की मूत्राशयात जंतू वाढतात, सूज येते, कणकण येते, ओटीपोट जळत राहतं. सगळ्याच पोटदुख्यांचं कारण हे नसतं, पण इथे तेच दिसतं आहे. त्यांनी औषध दिलं, जवाचं पाणी भरपूर प्यायला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "औषध मी देईन हो, पण तुम्ही लोक तिथून उठल्याशिवाय उपयोग काय?" तुम्ही लोक म्हणाले. आपण म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर मी गाडी घराकडे वळवायला सांगणार, तेवढ्यात तिने गाडीवानाला खालापूरचा रस्ता दाखवला. वाटेत तिने ट्रंक पायाशी ओढून घेतली. मग म्हणाली, "कट्टा मोडला की मला निरोप पाठवा. नेरळला कसला निरोप पाठवायचा तो तुमचा तुम्ही ठरवा."

परत आलो आणि त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर खरं सांगायचं ठरवून गेलो. तोंड उघडलं. स्टेशनमास्तरांनी पानं वाटली. माझ्या हातात चांगली पानं आली होती, पण ते कारण नव्हे. कारण असं, की 'तुमच्या सुना आपल्यामुळे लघवी कोंडून बसतात' हे वाक्य त्या दोन सभ्य चेहऱ्यांपुढे मला बोलता येईना. मी डाव जिंकलो आणि घरी गेलो. पुढचे काही दिवस असेच गेले. नेरळचा दिवस जवळ येत होता.

मार्ग डॉक्टरांनी काढला. त्यांनाही तोंड दाखवायची पंचाईत झाली होती. त्या रविवारी ते आलेच नाहीत. मी दवाखान्यात गेलो, तर म्हणाले, देवाचं नाव घ्या. कट्टा जागेवाल्याच्या डोक्यावर बांधला गेला, म्हणून तो कोपला आणि बायकांच्या पोटात शिरला, असं सांगा. मुंबईला शिकलेला माणूस हे सांगत होता आणि मी कागदावर टिपून घ्यावं तसं ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर स्वप्न सांगितलं. जे वाक्य खरं असून बोलता आलं नव्हतं, त्याच्या जागी हे खोटं किती सुरेख उतरलं! वकिलांनी ताबडतोब दुजोरा दिला. त्यांनाही तसलंच काही दिसलं होतं म्हणे. चहा, गिरणी, धूर, सगळं एका क्षणात बाद झालं.

पण दगड उपसायला गडी मिळेनात. वाडीवरून दोन माणसं आणली, त्यांना देवाचं कळलं, आणि ती पहारी खाली ठेवून बाजूला बसली. त्यातला थोरला म्हणाला, "देव हाय म्हंता ना? मंग आमी हात लावनार नाय. तुमीच बसवलाय, तुमीच उठवा."

तेव्हा आम्हीच उठवला. स्टेशनमास्तर, वकील, डॉक्टर आणि मी, धोतरं खोचून, पहारी घेऊन. चिरा हलवताना वकिलांच्या पाठीत उसण भरली. स्टेशनमास्तर पायावर दगड पडेल म्हणून जन्मभराच्या सवयीने हातवारे करून आम्हाला सूचना देत होते. मागची दारं या वेळी किलकिली नव्हती, सताड उघडी होती, आणि प्रत्येक दारात बायका उभ्या होत्या. कुणी तोंडाला पदर लावला होता, तो हसू दाबायला. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. देवाबिवाचं काही नाही हे आळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि पायगुणाचंही. पण 'मंडळी, उठा' असं म्हणण्यापेक्षा एका नव्या पोरीच्या पायांवर ढकलणं सोपं होतं. मी जे कट्ट्यावर बसून केलं तेच त्यांनी विहिरीवर केलं. फरक इतकाच, की त्यांची पोटं दुखत होती.

शेवटचा चिरा निघाल्यावर कट्ट्यातलाच एक दगड मी जांभळाखाली उभा केला आणि त्याला शेंदूर फासला. मग आमची आई तांब्या घेऊन बाहेर आली. भर दुपारी, आमच्यासमोरून, ताठ मानेने जाळीमागे गेली आणि परत आली. परत येताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "नेरळचं राहू दे आता. बाधा गेली."

मी खालापूरला निरोप न पाठवता स्वतःच गेलो. बायकोने अंगणातूनच विचारलं, मोडला? मी तळहातांवरचे फोड दाखवले. ती ट्रंक घेऊन निघाली. औषध, जवाचं पाणी आणि मोकळं परस यांनी ती महिन्याभरात बरी झाली. पुढे दोन मुलंही झाली.

इथे हकिकत संपली असती तर मी पाटी कोरू दिली असती. पण देवाला कोपायला निमित्त लागतं. हा जागेवाला इतकी वर्षं गप्प होता, मग त्याच वर्षी का चिडला? लोकांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. ती आली म्हणून चिडला. माझ्या खोट्याने तिच्यावरचा बोभाटा पुसला नाही, त्याला देवाची साक्ष मिळवून दिली. नव्या सुना आळीत येत, तेव्हा हिला गोड बोलून आत बसवत. ओटी भरायला हिला बोलावणं नसे. आमच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात सून उंबऱ्यावर आली, तेव्हा तिला ओवाळायला माझी मावसबहीण पुढे झाली आणि मुलाची आई स्वयंपाकघरात लाडवांचं ताट लावत राहिली. मी बाहेर पाहुण्यांना पानसुपारी देत होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. माघातला पहिला नारळ मात्र दर वर्षी मीच फोडत आलो, मान माझा म्हणून.

तेव्हा कोरायचं असेल तर हे कोरा: आळीतल्या बायकांची पोटं आमच्या बसण्याने दुखत होती. माझ्या बायकोच्या पायांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. देव नव्हता, दगड होता.

काल हे सगळं तिला वाचून दाखवलं. तिला आता अक्षर दिसत नाही. ती शेवटपर्यंत ऐकत होती. पहिल्या खर्ड्यात मी ठिकठिकाणी 'त्या कारणासाठी', 'देहधर्म' असलं काहीतरी लिहिलं होतं.

"लघवी लिहा," ती म्हणाली. "नाहीतर पोरांना पुन्हा देवच वाटेल."

मी सगळीकडे बदललं. मग म्हटलं, रविवारी त्या चार तरुणांना बोलावून हे वाचून दाखवतो. ती म्हणाली, त्यांच्या बायकांनाही बोलवा, आणि तुम्ही वाचू नका, मी सांगते. तुम्ही चहा करा.